घरातल्या धुळीत काय असते?

नवरात्र जवळ आले की आपल्याकडे घराघरांत साफसफाई निघते. माळ्यावरचे डबे खाली येतात, गाद्या-उशा गच्चीवर उन्हात पडतात, आणि जिथे अजून चुन्याची पद्धत आहे तिथे भिंतींवर चुन्याचा हात फिरतो. त्या दिवशी घरातले एखादे माणूस तरी शिंकांनी बेजार होते. ‘धूळ नाकात गेली’ असे म्हणून आपण विषय सोडून देतो.

पण रस्त्यावरची धूळ खाऊनही ज्याला काही होत नाही, त्याच माणसाला गादी झटकताना शिंका का येतात? दमा असलेल्या मुलाला पहाटे अंथरुणातच धाप का लागते? अशा मुलाच्या पालकांना सल्ल्यांची कमतरता नसते. कोणी मध सुचवतो, कोणी काढा, कोणी काथ्याची गादी आणि तागाचा गालिचा. या सगळ्यांवर ‘नैसर्गिक’ असा शिक्का असतो आणि तो पाहून पालक निश्चिंत होतात. या शिक्क्याची खरी किंमत किती, हे समजून घ्यायचे तर ॲलर्जीच्या शोधाचा सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास पाहायला हवा.

स्वतःच रोगी, स्वतःच संशोधक

१८१९ साली जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी लंडनमधील वैद्यकीय सभेपुढे एका रोग्याची हकिकत वाचली. दर उन्हाळ्यात त्या रोग्याचे डोळे लाल होत, नाक वाहू लागे, छाती भरून येई. तो रोगी म्हणजे स्वतः बोस्टॉकच होते. आणखी असे रुग्ण शोधायला त्यांना नऊ वर्षे लागली आणि १८२८ साली त्यांनी २८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. उपाय त्यांनी अनेक केले होते. रक्त काढणे, जुलाब, अफू, पारा, डिजिटॅलिस या झाडाचे औषध, थंड पाण्याचे स्नान, काही म्हणता काही सोडले नाही. यांतले बहुतेक उपाय आजच्या जाहिरातीच्या भाषेत ‘नैसर्गिक’च म्हणायचे! गुण कशानेच आला नाही, कारण रोगाचे कारणच माहीत नव्हते. बोस्टॉक यांनी दोष दिला तो उन्हाळ्याला.

खरे कारण मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी शोधले. तेही याच विकाराचे रोगी. १८५९ साली फुलोऱ्यावर आलेल्या गवताचा गुच्छ त्यांच्या नाकाजवळ आला आणि शिंकांची सरबत्ती सुरू झाली. मग त्यांनी वेगवेगळ्या वनस्पतींचे पराग स्वतःच्या नाकात घालून पाहिले, कातडीवर ओरखडा काढून त्यात पराग चोळले आणि सूज येते का ते पाहिले. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या हवेत ठेवून ते रोज पराग मोजत. उंचावरच्या हवेतील पराग पकडण्यासाठी त्यांनी पतंगाला काचपट्ट्या बांधून वर सोडल्या. ज्या दिवसांत परागांची संख्या वाढे, त्याच दिवसांत त्रास वाढे. १८७३ साली त्यांनी हे सारे पुस्तकरूपाने मांडले. आजही ॲलर्जीची चाचणी कातडीवर करतात, तिचे मूळ ब्लॅकलींच्या दंडावरील ओरखड्यात आहे.

पराग विषारी नसतात. शेजारच्या माणसाला त्यांनी काहीच होत नाही. दोष शरीराच्या बदललेल्या प्रतिसादात असतो, हे ओळखून व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. ‘वेगळे’ आणि ‘कार्य’ अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द त्यात आहेत. हा प्रतिसाद घडवणारा प्रतिपिंड १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका पतिपत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे शोधला. त्याला आयजीई म्हणतात. तो मास्ट पेशींना चिकटून बसतो. नेमका पदार्थ समोर आला की या पेशी हिस्टामिन आणि इतर द्रव्ये बाहेर टाकतात. मग शिंका, खाज, धाप असे सगळे सुरू होते.

धुळीचे कोडे

परागांचा मोसम संपतो, घरातल्या धुळीचा संपत नाही. १९२१-२२ च्या सुमारास अमेरिकेत केर्न आणि कुक यांनी दाखवले की अनेक दमेकऱ्यांच्या कातडीवर घरच्या धुळीचा अर्क टोचला तर गांधी उठते. पण यातून एक कोडे उभे राहिले. प्रत्येक घरातली धूळ वेगळी. एका घरात लोकरीचे तंतू, दुसऱ्यात कापसाचे, तिसऱ्यात मांजराचे केस. असे असताना निरनिराळ्या घरांतील धुळीचा परिणाम मात्र सारखाच कसा?

हॉलंडमधील लायडन येथे स्टॉर्म व्हान लेउवेन यांनी दमेकऱ्यांसाठी शुद्ध हवेच्या खास खोल्या बांधल्या. तिथे ठेवलेल्या अनेक रुग्णांचा त्रास कमी झाला. म्हणजे कारण नक्कीच त्यांच्या घरात होते. १९२८ साली डेकर या जर्मन डॉक्टरांनी बिछान्यातील सूक्ष्म जीव, माइट, यांच्याकडे बोट दाखवले. पण त्यांच्या म्हणण्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

पुढे लायडनमध्येच राइन्डर्ट फोरहोर्स्ट यांनी हा धागा हाती घेतला. ओलसर घरांमधील धूळ अधिक तीव्र असते आणि त्यातही बिछान्यातली, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांचे सहकारी जीवशास्त्रज्ञ फ्रिट्स स्पीक्स्मा यांनी धूळ सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासली. त्यांना एक अष्टपाद प्राणी वारंवार सापडला. हा प्राणी गोचिडाचा नातलग असून त्याची लांबी जेमतेम ०.३ मिलिमीटर असते. त्याचे शास्त्रीय नाव डर्मॅटोफॅगॉइडिस टेरोनिसिनस. नावातच ‘कातडी खाणारा’ असा अर्थ आहे. आपल्या अंगावरून सतत गळणारा कातडीचा कोंडा हे त्याचे अन्न. प्रयोगशाळेत वाढवलेल्या या माइटचा अर्क टोचल्यावर कातडीवर तीच गांधी उठली. १९६४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले आणि कोडे सुटले. घरे वेगळी असली तरी बिछान्यातला पाहुणा एकच होता!

१९८१ मध्ये टोव्ही, चॅपमन आणि प्लॅट्स-मिल्स यांनी पुढचा दुवा जोडला. ॲलर्जी घडवणारे प्रथिन मुख्यतः माइटच्या विष्ठेच्या बारीक गोळ्यांत असते. हे कण आकाराने तुलनेने जड असल्यामुळे हवेत फार वेळ तरंगत नाहीत. गादी झटकली, उशीवर डोके टेकले की ते उडतात आणि थेट नाकाशी येतात.

माइट पाणी पीत नाही, हवेतील बाष्प अंगात शोषून घेतो. म्हणून कोरड्या हवेत तो सुकून मरतो. आल्प्स पर्वतातील दाव्होस या उंच, कोरड्या गावी दमेकऱ्यांना बरे वाटते, हे फार पूर्वीपासून माहीत होते. तिथल्या धुळीत माइट अगदी थोडे असतात, असे स्पीक्स्मा यांना आढळले. कोकणातला पावसाळा म्हणजे याच्या नेमकी उलट परिस्थिती!

आता गंमत पाहा. गवताचे पराग आणि माइट यांच्याइतके नैसर्गिक दुसरे काय असेल? त्रास देणारेच नैसर्गिक आहेत. मग उपायांचे काय?

वनौषधींची परीक्षा

इजिप्तमध्ये खेल्ला नावाच्या वनस्पतीच्या बियांचा काढा पोटातील कळांवर देत. आपल्या ओव्याच्याच कुळातली ही वनस्पती. तिच्यातील खेलिन हे द्रव्य स्नायू सैल करते. त्यावरून चांगले औषध बनवता येईल का, याचा शोध १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील एका औषध कंपनीत सुरू झाला. तिथले डॉक्टर रॉजर अल्टुन्यान स्वतः दमेकरी होते. त्यांना गिनीपिगच्या केसांच्या कोंड्याची ॲलर्जी होती. ते या कोंड्याचा अर्क श्वासावाटे घेऊन मुद्दाम दमा उठवत आणि नवे संयुग त्याला अडवते का, ते पाहत. असे त्यांनी वर्षानुवर्षे शेकडो वेळा केले. अखेर १९६५ मध्ये सोडियम क्रोमोग्लायकेट हाती आले. ते मास्ट पेशींना त्यांची द्रव्ये बाहेर टाकू देत नाही. त्याची पूड छातीत ओढण्याचे उपकरणही त्यांनीच बनवले. दुसऱ्या महायुद्धात ते विमानचालनाचे शिक्षक होते आणि पंख्याच्या फिरण्याची कल्पना त्यांना तिथूनच सुचली. दम्यासाठी पुढे अधिक परिणामकारक औषधे आली, पण हे द्रव्य ॲलर्जीवरील डोळ्यांच्या थेंबांत आजही वापरात आहे.

ही गोष्ट ऐकून ‘पाहा, वनस्पतीच श्रेष्ठ’ असे कोणी म्हणेल. पण नीट पाहिले तर मूळच्या बियांत हे औषध नव्हते. वनस्पतीने दिशा दाखवली. पुढे रासायनिक बदल, मोजमाप आणि शेकडो चाचण्या झाल्या तेव्हा औषध मिळाले.

चीनमधील मा-हुआंग या झुडपाची कथाही बोलकी आहे. जपानी शास्त्रज्ञ नागाई यांनी १८८५ साली त्यातून एफेड्रिन वेगळे केले. १९२४ च्या सुमारास पेकिंगमध्ये चेन आणि श्मिट यांनी त्याचे गुणधर्म तपासले आणि ते दम्यावरचे महत्त्वाचे औषध ठरले. पण ते रक्तदाब वाढवते, हृदयाचे ठोके वाढवते. याच वनस्पतीच्या ‘नैसर्गिक’ गोळ्यांवर अमेरिकेत २००४ साली बंदी घालावी लागली.

मधाचे काय? स्थानिक मध खाल्ल्याने परागांची सवय होते, असे सांगतात. पण मधमाशी फुलांचे जड, चिकट पराग गोळा करते. त्रास देतात ते बहुधा वाऱ्यावर उडणारे हलके पराग. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत ३६ जणांपैकी काहींना मध आणि काहींना मधाच्या चवीचा मक्याचा पाक दिला. मधाचा अधिक फायदा दिसला नाही. मध खावा, पण औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

जलनेती मात्र या परीक्षेत बरी ठरते. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास ॲलर्जीच्या सर्दीचा त्रास कमी होऊ शकतो, असे अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये सांगतो. अट एकच, पाणी उकळून गार केलेले हवे. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघे अमिबाच्या मेंदूतील संसर्गाने दगावले.

घर कसे सजवावे?

घराच्या बाबतीतही हीच कसोटी लावू. पूर्वी दमेकऱ्याला पिसांची उशी काढून कृत्रिम धाग्यांची घ्यायला सांगत. १९९६ साली न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे दोन्ही प्रकारच्या उशा तपासल्या, तर माइटचे प्रथिन कृत्रिम उशांतच जास्त निघाले! पिसे बाहेर येऊ नयेत म्हणून त्या उशांची खोळ घट्ट विणीची असते, हे त्याचे संभाव्य कारण. म्हणजे उशीत काय भरले आहे यापेक्षा खोळीची वीण महत्त्वाची. तागाचा गालिचा आणि नायलॉनचा गालिचा, दोन्ही धूळ सारखीच धरून ठेवतात. त्यापेक्षा उचलता, झटकता, धुता येणारी सतरंजी किंवा चटई बरी. जाड पडद्यांऐवजी धुता येणारे सुती पडदे बरे. उघडी फरशी सर्वांत बरी, आणि ती ओल्या फडक्याने पुसावी.

उन्हाचे काय? १९९४ मध्ये टोव्ही आणि वूलकॉक यांनी सिडनीत गालिचे कडक उन्हात ठेवून पाहिले. उष्णता आणि कोरडेपणा यांमुळे त्यांतील सारे माइट मेले. गाद्या उन्हात घालण्याची आपली रीत अशी प्रयोगाला उतरते. फक्त मेलेल्या माइटची विष्ठा गादीतच राहते, म्हणून नंतर गादी बाहेरच झटकावी. झटकणारा माणूस दमेकरी नसावा. चादरी आणि खोळी ५५ अंश सेल्सिअसहून गरम पाण्यात धुतल्या तर माइट मरतात.

चुना स्वस्त आणि गुणी आहे. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजी धरत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतो. पण भिंतीत पाणी मुरत असेल तर चुना ते थांबवत नाही. आधी गळती काढावी लागते.

एवढे केले की दमा जाईल का? इथे प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. २००३ साली ब्रिटनमध्ये ११२२ प्रौढ दमेकऱ्यांवर चाचणी झाली. निम्म्यांना माइट रोखणाऱ्या खास खोळी दिल्या, निम्म्यांना साध्या. वर्षभराने दोन्ही गटांत फरक दिसला नाही. २००४ साली अमेरिकेत ९३७ मुलांच्या घरी खोळी, साफसफाई, झुरळांचा बंदोबस्त, घरातील धूम्रपानाबद्दल समज असे अनेक उपाय एकत्र केले, तेव्हा त्रासाचे दिवस कमी झाले. एकच महागडी वस्तू आणून भागत नाही. अनेक छोट्या, स्वस्त गोष्टी एकत्र आणि नियमित कराव्या लागतात. आणि त्या औषधासोबत करायच्या असतात, औषधाऐवजी नव्हे. घर स्वच्छ केले म्हणून किंवा काढा सुरू केला म्हणून मुलाचा श्वासातून घ्यायचा पंप परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते. वर्गात असे मूल असेल तर त्याचा पंप कुठे असतो, हे शिक्षकांना माहीत असावे.

ब्लॅकलींचा प्रयोग शाळेत सहज करता येतो. काचपट्ट्यांना व्हॅसलिनचा पातळ थर लावून एक खिडकीत, एक वर्गातील कपाटावर आणि एक मैदानाच्या कडेला दिवसभर ठेवावी. मग सूक्ष्मदर्शकाखाली धागे, कोंडा, पराग वेगवेगळे मोजावेत. ओल्या व कोरड्या तापमापीने सापेक्ष आर्द्रता मोजून जुलै आणि जानेवारीतील आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. दमा असलेल्या मुलांना धुळीपासून दूर ठेवून आकडे नोंदवायचे काम द्यावे.

आणि एखाद्या मुलाने विचारले, ‘बाई, हे औषध नैसर्गिक आहे, म्हणजे चांगलेच ना?’ तर उत्तर देण्याची घाई करू नये. उलट त्यालाच विचारावे, ‘ते कोणी तपासले? कसे तपासले? किती जणांवर?’