लोणारचा खारा किनारा

बुलढाणा जिल्ह्यात किनारा पाहायला चला, असं म्हटलं तर लोक हसतील. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. पण लोणार गावाच्या टोकाशी जाऊन उभं राहिलं, की पायाखालची जमीन एकदम संपते. समोर काळ्या पाषाणाचा कडा, खाली झाडी, झाडीच्या पलीकडे खारवटलेला काठ आणि मधोमध हिरवट पाणी. जवळजवळ वाटोळं असं हे विवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, आणि कड्यावरून पाण्यापर्यंतची खोली शे-सव्वाशे मीटरहून अधिक.

उतरायची जुनी वाट धारेजवळून जाते. गोमुखातून पडणाऱ्या गोड्या झऱ्याला गावात धार म्हणतात. ही धार आणि खालचं सरोवर, दोन्हींची नोंद अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त सापडते. अबुल फजल लिहितो, की ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात. डोंगरांनी वेढलेल्या या पाण्यातून काच आणि साबणाला लागणारा माल निघतो आणि सरकारला बरं उत्पन्न मिळतं. सोमवती अमावास्येला झऱ्याचं पाणी तळ्याला मिळतं, ही ऐकीव गोष्टही त्यानं सोडलेली नाही. एकाच नोंदीत तीर्थही आहे आणि महसूलही. लोणारचा पुढचा इतिहास या दोन्हींचाच आहे.

महसूल होता तो मिठाचा. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. झरे आणि पाऊस यांचं पाणी आत येतं, उन्हानं उडून जातं आणि खडकातून विरघळलेला क्षार मागे राहतो. उन्हाळ्यात पाणी हटलं, की लोक काठावर उतरून हा खार गोळा करत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याची प्रतवार नावं इंग्रजी अमदानीतल्या कागदपत्रांत आहेत. खाण्याच्या मिठाहून त्यात सोड्याचा अंश मोठा, म्हणूनच तो साबण आणि काचेच्या कामाचा.

मग हा खड्डा पडला कसा? गावाचं उत्तर सोपं आहे. लवणासुर इथे लपला होता, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ याच कथेवर उभं आहे. त्याच्या भिंतींवरचं कोरीवकाम पाहायला निदान दोन तास हवेत. लोक वीस मिनिटांत उरकतात, हे बरं नव्हे.

साहेबाचं उत्तर वेगळं होतं. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर हा इंग्रज अधिकारी इथे आला, आणि त्यानंतर दीडशे वर्षं बहुतेक भूशास्त्रज्ञ याला ज्वालामुखीचंच काम मानत राहिले. त्यात नवल नाही. सगळा दख्खन लाव्ह्याचाच. निकाल लागला तो १९७३ साली. तळाशी छिद्रं घेऊन काढलेल्या खडकात मास्केलिनाइट सापडलं. प्रचंड आघातानं स्फटिकाची काच होते तेव्हाच हा पदार्थ तयार होतो. लाव्हा थंड होऊन तो होत नाही. म्हणजे आकाशातून अशनी आदळली होती. चंद्रावरून दगड नुकतेच पृथ्वीवर आले होते, आणि चंद्रासारख्याच बेसाल्टमधलं हे विवर अभ्यासकांना हाताशी मिळालं. वयाबद्दल मात्र बराच काळ वाद होता. आधी पन्नास हजार वर्षं म्हणत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनं ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षांवर नेलं.

गावाजवळच्या मोठ्या मारुतीची शिळा त्याच अशनीचा तुकडा, असं लोक मानतात. शेजारचं अंबर तळं म्हणजे तिच्याच दुसऱ्या तुकड्याची खूण, असा तर्क संशोधकांनीही केला होता. नंतरच्यांना तो पटला नाही. सवड असेल तर वाट थोडी वाकडी करून सिंदखेडराजाही पाहावं. जिजाऊंचं ते जन्मगाव.

आता काठाबद्दल. जून २०२० मध्ये पाणी अचानक गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं कारण सांगितलं: पाणी आटून खारेपणा वाढला आणि क्षारात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवर रामसर यादीत गेलं. आणि नंतरच्या वर्षांत उलटंच घडलं. पाणी चढत गेलं, काठावरच्या देवळांना भिडलं. गोडं पाणी आत येत राहिलं, तर खारेपणा उतरतो. आणि ज्या शेवाळांचा, जिवाणूंचा संसार साडेदहाच्या आसपासच्या सामूवर चालतो, त्यांना गोडं पाणी सोसत नाही. वर गाव वाढलं आहे, सांडपाण्याचा प्रश्न आहे, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे या सरोवराची सुनावणी अनेकदा झाली आहे.

कमळजा देवीचं देऊळ या पाण्याच्या अगदी कडेला आहे. नवरात्रात बायका ओटी भरायला कडा उतरून तिथवर जातात. उतरताना पाणी कुठवर आलंय, हे त्या आधी पाहतात.