अंदाज कोणाचा, भिजणे कोणाचे?

वेल्ह्याच्या डोंगरात आमचे गाव. पाडव्याला देवळात जोशी पंचांग वाची. कोणत्या नक्षत्राचे वाहन बेडूक, कोणत्याचे गाढव, पाऊस किती पडणार, हे गावाला त्या दिवशी कळे. माझा आजा गावचा वेसकर. पंचांग ऐकायला गाव गोळा करायचा त्याने; स्वतः ऐकायचे मात्र पायरीच्या खाली, लांब उभे राहून. वाऱ्यावर जे कानी पडे ते तो महारवाड्यात येऊन सांगे. म्हणजे भविष्यदेखील आम्हांला उष्टेच मिळे.

ही आठवण सांगतो ती रडगाणे म्हणून नाही. आपल्या इतिहासात दुष्काळ आहेत, पूर आहेत. पण पावसाचा अंदाज चुकला तेव्हा त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न इतिहासकारांनी क्वचितच विचारला आहे. तो आपण विचारला पाहिजे.

भोर-वेल्ह्याचे पीक भात. मेच्या अखेरीस, पाऊस येण्याआधीच, कोरड्या मातीत बी टाकतात. त्याला धूळवाफेची पेरणी म्हणतात. मृग वेळेवर बरसला तर रोप तरारते, पुढे लावणी साधते. पाऊस दडला तर बी पाखरे खातात, उगवलेले करपते. मोठ्या खातेदाराच्या कणगीत दुसरे बी असे. आमचे पहिलेच बी उसने. दुसऱ्यांदा मागायचे ते सवाई-दिढीने. आभाळ दोघांना एकच होते, पण चूक दोघांना सारखी पडत नव्हती.

आमच्या बायामाणसांचे स्वतःचे ठोकताळे होते. मुंग्या अंडी घेऊन वर चढल्या का, पावशा ओरडला का, तोरण्याच्या माथ्यावर ढग बसला का, हे त्या पाहत. या ठोकताळ्यांचे मी देव्हारे माजवणार नाही, तेही चुकत. पण त्यांच्यासाठी कोणी दक्षिणा मागत नसे.

आणि अंदाज काहीही असो, वेसकराला सुटी नव्हती. सारा पोचवायचा, सांगावे न्यायचे, मयताची खबर नदीपलीकडच्या गावी द्यायची. ओढ्याला पूर आहे, ही सबब चालत नसे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबाबत विधेयक मांडले, त्यामागे हेच अमर्याद राबणे होते. आमचा मुलूख तेव्हा भोर संस्थानात. तो १९४८ मध्ये विलीन झाला. कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा झाला १९५८ साली. त्याआधीच, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, आमच्या घराने पंचांगाला हात जोडणे सोडले होते.

मग विज्ञानाने काय दिले? १८६४ चे कलकत्त्याचे वादळ, १८६६ आणि १८७१ साली हुकलेला पाऊस, यांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते निघाले. हिमालयातील बर्फ पाहून ब्लॅनफर्डने १८८६ साली मोसमी पावसाचा अंदाज दिला. १९२८ मध्ये खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुणेकर त्याला आजही सिमला ऑफिस म्हणतात. आमच्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर. पण मधले अंतर मैलांचे नव्हतेच. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर हवामान लागले की आजा म्हणे, ‘त्याला कुठं भिजायचंय?’

२००२ साली खात्याने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला. पडला ८१ टक्के. तरी मी जोशी आणि वेधशाळा यांना एका तागडीत तोलणार नाही. वेधशाळेने चूक कबूल केली, पुढच्या वर्षी पद्धत बदलली. पंचांगाने कधी चूक कबूल केली आहे काय? माझे भांडण दुसरे आहे. सरासरीत माणूस दिसत नाही. एकट्या भोर तालुक्यात वरंधा घाटाकडे धो धो कोसळते, तर नसरापूरकडे पाऊस कितीतरी कमी. आता घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतात, हे चांगले झाले. पण इशारा ऐकून हलायला पर्यायी जागा आणि खर्चाला पैसा लागतो.

१२ जुलै १९६१ ची सकाळ आठवा. आमच्याच वेल्ह्यातले पानशेत धरण अपुरे असताना त्यात पाणी साठवले होते. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. धोका अधिकाऱ्यांना दिसत होता. नदीकाठच्या हजारो माणसांपर्यंत वेळेवर स्पष्ट सूचना पोचली नाही. धरण फुटले, खालचे खडकवासला फुटले, पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. येथे आभाळाचा अंदाज चुकला नव्हता. ज्यांना माहीत होते आणि जे बुडणार होते, त्यांच्यामध्ये पुन्हा तीच पायरी आडवी होती.

जोतीरावांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मुहूर्त सांगून लुटणाऱ्यांवर कोरडे ओढले. पण ते तेथेच थांबले नाहीत. लष्करातील व पोलिसांतील रिकामे हात लावून ताली-बंधारे घाला, पावसाचे पाणी रानात मुरवा, असे त्यांनी सरकारला सुचवले. पाऊस सांगण्यापेक्षा चुकलेल्या पावसात माणूस तगेल अशी तजवीज करा, हा त्याचा अर्थ.

म्हणून विद्यार्थी-कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. आपापल्या खोऱ्यात फिरा. कोणत्या वर्षी कोणाचे बी करपले, दुसरे बी कोणी कोणत्या दराने दिले, भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळाली की कसणाऱ्याला, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढा. पावसाच्या नोंदी वेधशाळेत आहेत. भिजलेल्यांच्या नोंदी आपल्यालाच कराव्या लागतील.