कोंडवाड्याबाहेरची कोंबडी

१८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात गुरं कोणाला म्हणायचं, याची यादी आहे. हत्ती, उंट, गाढवं, डुकरं, मेंढ्या, शेळीची करडंसुद्धा तीत आहेत, कोंबडी नाही. पिकात शिरलेलं जनावर धरून कोंडवाड्यात द्यावं आणि मालकाने दंड भरून सोडवावं, अशी ही व्यवस्था. बैलाला आवरणं त्यामुळे बैलवाल्याचं काम ठरलं, कोंबडीपासून वाफा राखणं मात्र वाफा करणारीकडेच राहिलं. हा भेद कायद्याने नव्याने केला असं नाही, गावात तो आधीही असणार. पण सरकारी नजर शेत, रस्ता आणि कालव्यापर्यंतच पोचली, घरामागची भाजी तिच्या बाहेर पडली, हे त्या यादीवरून स्पष्ट दिसतं. परसबाग राखण्याची विद्या म्हणूनच कागदोपत्री सापडत नाही; ती बायकांच्या हातात राहिली.

कोकणातली कुंपणं पाहिली की ही विद्या कळते. गुरांना गडगा पुरतो. कोंबडी फटीतून शिरते, म्हणून शेराच्या किंवा निवडुंगाच्या वईच्या बुडाशी बोरी-करवंदीच्या काट्या दाटून भरायच्या आणि पेरलेल्या वाफ्यावरही आडव्या पसरायच्या. कोंबडी पायांनी माती मागे उडवते, पाऊलभर मागे सरते आणि उघडी पडलेली किडामुंगी टिपते. काट्यांत तिला पाय झाडता येत नाही, अंकुर मात्र फटीतून वर येतो. १८७४ च्या पेटंटमुळे पसरलेली काटेरी तार इथे कुचकामी. उपयोगी पडली ती षटकोनी जाळी. १८४४ मध्ये इंग्लंडातल्या नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्ड यांनी कापड विणण्याच्या यंत्रावरून तिचं यंत्र बेतलं. पण जाळीला रोख पैसा लागतो, काट्यांना लागत नाही.

कोंबडी कीड खाते, खत देते, मग तक्रार कशाला, असं कोणी म्हणेल. वांग्याच्या वाढलेल्या झाडाला ते लागू आहे. चार पानांवरच्या माठाचा वाफा ती एका सकाळीत उकरून टाकते. मग तिला कायम कोंडावी का? तेही पटत नाही. चरून पोट भरते म्हणूनच ती गरीब घराला परवडते. पेरणीपासून रोपं धरेपर्यंत कोंबड्या डालग्याखाली झाकायची रीत मला म्हणून न्याय्य वाटते: तेवढे दिवस दाणा कोंबडीवालीने घालायचा, काट्या बागवालीने आणायच्या.