बेडकाचं टॉनिक

आमच्या पिढीला लहानपणी दोन गोष्टी सक्तीच्या होत्या : परवचा आणि कॉड लिव्हर ऑइल. परवचा निदान तोंडाला वास मारत नसे. तो चमचा पुढे आला की समस्त प्राणिमात्रांचा हेवा वाटे. बेडकाला कोण टॉनिक पाजतं? पण पाळलेल्या बेडकालाही टॉनिक लागतं, आणि त्याचा इतिहास थेट आमच्या चमच्यापाशी येऊन पोचतो.

सुरुवात मात्र सिंहापासून. १८८९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे मुडदुसाने मरत होते. साक्षात वनराजाचे चिरंजीव, आणि पाय फेंगडे! जेवणात मांस होतं, पण हाड नव्हतं. जॉन ब्लँड-सटन या सर्जननी हाडांचा चुरा, दूध आणि कॉड लिव्हर ऑइल द्यायला सांगितलं. छावे सुधारले. का सुधारले, हे कळायला आणखी तीस वर्षं जावी लागली. १९१९ साली एडवर्ड मेलनबींनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं की, दोष आहाराचा आहे. १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलमनी तेलातलं व्हिटॅमिन ए नष्ट करून पाहिलं, तरी मुडदूस बरा होतोच! मग त्या निराळ्या द्रव्याला ‘डी’ हे अक्षर मिळालं. ए, बी, सी आधीच रिझर्व्ह झाली होती.

बेडकाचं दुखणं याच घराण्यातलं. छाव्याला हाड काढलेलं मांस मिळे. पाळीव बेडकाला मिळतो मुळात हाडच नसलेला रातकिडा. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दीडपट हवं, तर रातकिड्याचा हिशेब नेमका उलटा, फॉस्फरसच कैक पटींनी जास्त. मग बेडकाचा जबडा रबरासारखा लिबलिबीत होतो, पाय वाकतात, पाठीला बाक येतो.

यावर उपाय दोन. पहिला, रातकिडा कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचा, आपण रव्यात बोंबील घोळवतो तसा. पण रातकिडा पडला टापटिपीचा. तो अंग झाडून घेण्याआधी पान वाढावं लागतं. दुसरा उपाय, आधी रातकिड्यालाच दोन दिवस सकस जेवू घालायचं आणि मग त्याला बेडकापुढे सोडायचं. कावळा पिंडाला शिवला की पितरांना पोचतं, तशातलाच प्रकार. फरक इतकाच, की इथे कावळाही पोचतो.

हे सारे श्रीमंती शौक वाटतील. पण अमेरिकेतल्या वायोमिंग टोडची गोष्ट ऐका. हा भेक संपलाच असं वाटत असताना १९८७ साली मॉर्टेन्सन तळ्याकाठी थोडे सापडले. उरलेसुरले धरून प्राणिसंग्रहालयांत त्यांची वीण सुरू झाली. अन्नपाणी, निवारा, डॉक्टर, सगळं हजर. तरीही काही भेक समोरच्या किड्यावर जीभ मारत आणि किडा सुटून जाई. पाळलेल्या किड्यांत व्हिटॅमिन ए फार थोडं. त्यामुळे जिभेवरच्या चिकट स्राव करणाऱ्या पेशी पालटतात आणि जिभेला काही चिकटत नाही. या रोगाचं नावच पडलं ‘आखूड जीभ’. भरल्या ताटावर उपासमार!

तळ्याकाठी भेकाला मुंग्या, भुंगेरे, कोळी असं पंचपक्वान्न मिळे. तेव्हा भुकटीची गरज नव्हती. रान गेल्यावर भुकटी आली, आणि आता सबंध जातीचा जीव चिमूटभर भुकटीवर आहे. माणसाची जीभ लांबली की घर बुडतं, भेकाची आखूड झाली की वंश.