चुन्याची निवळी आणि काचेतला समुद्र

कानात इअरफोन घालून ऐकत असाल किंवा बसमध्ये बसून हे वाचत असाल, तर आजचा विषय आधी थोडा लांबचा वाटेल. विषय आहे रीफ अ‍ॅक्वेरियम, म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी ज्यात मासेच नाही तर जिवंत प्रवाळ पाळतात. त्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरेंचे डोस का द्यावे लागतात, ते द्यायला माणूस कसा शिकला आणि डोस चुकला की काय होतं, असा हा इतिहास आहे.

मी तामलवाडीचा. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचं गाव, समुद्र अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे. तरी हा विषय मी घेतला, कारण या गोष्टीतला हिरो आपल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे चुना.

आपल्या तुळजापूर तालुक्यातच नळदुर्गचा किल्ला आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणी महाल तुम्ही पाहिला असेल. अशी बांधकामं दगड आणि चुन्याची. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलं की तो फसफसून विरतो. मग घाणीत मळून दगडांच्या मध्ये भरला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. समुद्रातलं प्रवाळ आपलं घर बांधतं तेही कॅल्शियम कार्बोनेटचंच. फक्त त्याला भट्टी लागत नाही, कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही ते पाण्यातूनच घेतं.

शाळेतला प्रयोग आठवा. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते. एडिनबराच्या जोसेफ ब्लॅकने १७५६ साली छापलेल्या कामात याच चुन्याच्या मदतीने दाखवलं होतं, की हवेसारखा एक वायू खड्यात 'बांधलेला' असतो आणि तो मोकळाही करता येतो. तोच आपला कार्बन डायऑक्साइड. आजचा अख्खा एपिसोड त्या दुधाळ रंगाभोवती फिरणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

आता लंडनला जाऊ. १८५३ मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी नेणारा माणूस होता फिलिप हेन्री गॉस. समुद्राचं पाणी लंडनपर्यंत आणणं खर्चिक होतं, म्हणून १८५४ च्या सुमारास गॉसने समुद्राचं पाणी घरीच बनवायची रेसिपी काढली. त्यात फक्त चार क्षार होते: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. कॅल्शियमचे क्षार त्याने मुद्दाम वगळले. त्याचा हिशोब असा, की एक तर ते फार थोडे असतात, आणि दुसरं म्हणजे टाकीच्या तळाशी टाकलेल्या शिंपल्या-प्रवाळाच्या तुकड्यांतून चुना पाण्यात येईलच.

त्याच्या समुद्रफुलांचं त्यावर भागलं, कारण त्यांना चुन्याचा सांगाडा बांधायचा नव्हता. पण दगडी प्रवाळाचं काय? समुद्राच्या पाण्यात शिंपला सहजासहजी विरघळत नाही. म्हणजे ज्या गोष्टीवर प्रवाळ जगतं, नेमकी तीच रेसिपीबाहेर राहिली होती.

दुसरा टप्पा मोजमापाचा. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाज जगभरच्या समुद्रांत फिरलं. त्याने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्हेल्म डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निकाल छापला. पाणी कुठलंही असो, कमी खारट असो की जास्त, मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सारखंच. आजच्या भाषेत सांगायचं तर एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात कॅल्शियम सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे १३००, आणि अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवायची ताकद साधारण ७ डीकेएच. डीकेएच हे जर्मन पद्धतीचं माप आहे, टेस्ट किटवर तेच छापलेलं असतं. ही झाली खाऱ्या पाण्याची 'कॉन्फिग फाइल'.

समुद्र ती फाइल स्वतः सांभाळतो, कारण तो प्रचंड आहे आणि नद्या त्यात सतत क्षार आणून टाकतात. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते उघडलं, तेही मरीन ड्राइव्हवर. समुद्र समोरच असला की अर्धी केमिस्ट्री फुकटात मिळते, पाणी बदललं की बऱ्याच चुका धुऊन जातात. शंभर लिटरच्या काचेच्या टाकीत ती चैन नाही.

१९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी लिहून दाखवलं, की समुद्रातले जिवंत खडक, थोडे हवेचे बुडबुडे आणि भरपूर उजेड एवढ्यावर प्रवाळ टाकीत जगवता येतं. पण जगणं वेगळं आणि वाढणं वेगळं. वाढणारं प्रवाळ रोज पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतं. ते परत कोण भरणार?

उत्तर जर्मन भाषिक छंदिष्टांकडून आलं. १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी 'काल्कवासर'चा जोरदार प्रचार केला. काल्कवासर म्हणजे काय? शब्दशः चुन्याचं पाणी. आपली चुन्याची निवळी!

ती का चालते ते नीट बघू, कारण मुद्दा इथेच आहे. प्रवाळ दोन्ही गोष्टी ठरलेल्या प्रमाणात वापरतं. पाण्यातून २० मिलिग्रॅम प्रति लिटर कॅल्शियम गेलं की त्याबरोबर २.८ डीकेएच अल्कलिनिटी जाते. निवळी नेमक्या त्याच प्रमाणात दोन्ही परत देते. शिवाय मागे काही उरत नाही, कारण तिच्यातला हायड्रॉक्साइड पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून बायकार्बोनेट होऊन जातो. १०० लिटरच्या टाकीत एक लिटर संपृक्त निवळी घातली तर अल्कलिनिटी एक डीकेएचपेक्षा थोडी जास्त वाढते.

मग ती लागेल तेवढी ओतता का येत नाही? दोन कारणं. एक, तिचा पीएच बाराच्या वर असतो. भसकन ओतली की टाकीतच शाळेचा प्रयोग होतो, पाणी दुधाळ आणि कॅल्शियम तळाशी. म्हणून ती थेंब थेंब आणि शक्यतो रात्री सोडतात, कारण रात्री टाकीचा पीएच खाली असतो. दोन, जेवढं पाणी वाफ होऊन गेलं तेवढीच निवळी घालता येते. टाकीत प्रवाळ भरपूर झालं की तेवढी पुरत नाही.

म्हणून दोन बाटल्यांची पद्धत आली. एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. हवं तेवढं घाला, वाफेची अट नाही. पण इथे एक छुपा बग आहे. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट प्रवाळ घेऊन जातं, आणि उरलेलं सोडियम आणि क्लोराइड? साधं मीठ!

मी हिशोब मांडून बघितला. टाकी १०० लिटरची, रोजचा खप १ डीकेएच. त्यासाठी रोज सुमारे ३ ग्रॅम सोडा लागतो आणि त्याच्या जोडीचं कॅल्शियम क्लोराइड. मागे रोज साधारण २.१ ग्रॅम मीठ उरतं. वर्षाला झालं ७६० ग्रॅम. टाकीत मुळात सगळे क्षार मिळून साडेतीन किलोच होते. आता तुम्ही खारटपणा मोजता, तो वाढलेला दिसतो, म्हणून थोडं खारं पाणी काढून गोडं पाणी घालता. खारटपणा जागेवर येतो, पण मॅग्नेशियम, पोटॅशियम, सल्फेट सगळं पातळ झालेलं असतं. पाणी कधीच बदललं नाही तर वर्षभरात १३०० चं मॅग्नेशियम साधारण १०६५ वर येईल. मीटर म्हणतो सगळं ओके, आणि फाइल आतून बिघडलेली.

१९९० च्या दशकात हान्स-वेर्नर बालिंग यांनी यावर तिसरी बाटली सुचवली. साधं मीठ वगळून समुद्रातले बाकीचे क्षार तिच्यात असतात. म्हणजे उरलेल्या मिठाला त्याचे सोबती मिळतात आणि प्रमाण टिकतं. डिटमारने शोधलेलं प्रमाण शंभर वर्षांनी असं बाटलीत उतरलं.

आता मॅग्नेशियमबद्दल. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट मावायला हवं त्यापेक्षा जास्त असतं, तरी ते खाली बसत नाही. कारण नुकत्याच तयार होणाऱ्या स्फटिकावर मॅग्नेशियम जाऊन चिकटतं आणि त्याची वाढ अडवतं. मॅग्नेशियम घसरलेलं असताना कोणी 'कॅल्शियम कमी दिसतंय' म्हणून जादा डोस दिला, की ते हीटरवर आणि पंपावर पांढरं होऊन बसतं. अल्कलिनिटीही सोबत खाली येते. डोस वाढवला आणि आकडा घसरला! बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर बसणारा थर आठवतोय ना? तीच ही प्रक्रिया.

आपल्या भागात हे खास सांगायला हवं. आपलं पाणी बेसॉल्टच्या खडकातून झिरपून येतं, येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. उन्हाळ्यात टाकीतली वाफ भरून काढायला रोज बोअरचं पाणी घातलं, तर न मोजता रोज डोस दिल्यासारखंच आहे. त्यामुळे टाकीत फक्त आरओचं पाणी. टपरीवरचा पानाचा चुनाही नको, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या आणि हाताळताना डोळे सांभाळा. आधी अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम मोजा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा. जो फरक आला तो खप, आणि खपाएवढाच डोस.

आणि प्रवाळ कुठून आलं हे विकणाऱ्याला विचारा. आपल्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती, मालवणच्या पाण्यात खरंखुरं प्रवाळ आहे. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. तिथला तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे, छंद नव्हे.

शेवटचं. कारखाने सुरू झाल्यापासून आपण हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड समुद्रही पितो आहे. त्याच्या वरच्या थराचा पीएच साधारण ८.२ वरून ८.१ वर आलाय. आकडा लहान दिसतो, पण त्यामुळे प्रवाळाला घर बांधणं आणखी अवघड होतंय. काचेच्या टाकीत रात्रभर निवळीचे थेंब सोडून ते सावरता येतं. मालवणच्या समुद्राला डोस द्यायला मात्र कुठलीच बाटली पुरणार नाही. तिथे एकच उपाय, धूर कमी करणं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरच्या पाण्याचा हार्डनेस किती आहे ते मोजलं असेल तर मला कळवा, गावाचं नाव टाका. ऐकत राहा, भेटू पुढच्या भागात.