दौंडचे ग्रहण केंद्र आणि राउटरची बाहेरची बाजू

फायरवॉल राउटर हे यंत्र अंतर्गत जाळे आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसते, माहितीच्या पाकिटांना वाट दाखवते आणि नको असलेली पाकिटे अडवते. शिरूर तालुक्यातील रांजणगाव किंवा दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतीत असे यंत्र बसवणाऱ्या तंत्रज्ञाला सर्वांत आधी ठरवावे लागते ते हे की, यंत्राच्या कोणत्या इंटरफेसला, म्हणजे केबल जोडण्याच्या कोणत्या मुखाला, ‘वॅन’ नेमायचे आणि कोणत्या मुखाला ‘लॅन’. वॅन ही बाहेरची बाजू आणि लॅन ही आतली. पत्ते, नियम, वेगमर्यादा हे सारे नंतर या एका नेमणुकीवर उभे राहते. या विभागणीचे कूळ सहसा अमेरिकेत शोधले जाते, परंतु तिचे एक जुने आणि उपेक्षित घर दौंडलाच आहे, असे मानण्यास भक्कम आधार आहे.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी भारत आणि ब्रिटन यांच्यातील बीम बिनतारी सेवेचे उद्घाटन केले. बीम पद्धतीत मार्कोनी कंपनीच्या तंत्राने लघुलहरी एका अरुंद झोताच्या रूपात ठरावीक दिशेने सोडल्या जात. भारतातील टोक एका जागी नव्हते: संदेश सोडणारे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि संदेश झेलणारे ग्रहण केंद्र तेथून सत्तर-ऐंशी किलोमीटर पूर्वेला दौंडला, ज्याला इंग्रजी कागदपत्रांत ‘धोंड’ म्हटले जाई. इंग्लंडमध्येही हीच रचना होती, कारण प्रबळ प्रक्षेपकाशेजारी ठेवलेल्या ग्राहकयंत्राला सात समुद्रांपलीकडून आलेला क्षीण संकेत ऐकू येणे शक्य नव्हते, आणि ब्रिटिश टपाल खात्याच्या कराराची अट तर एकाच वेळी दोन्ही दिशांना मिनिटाला शंभर शब्द नेण्याची होती. तारबाबू दोन्हीपैकी कोणत्याच केंद्रावर बसून संदेशांचा व्यवहार करीत नव्हते. तो मुंबईच्या कार्यालयातून जमिनीवरील तारांमार्फत चाले. दौंडची निवड होण्यामागे शहरी विद्युत गोंगाटापासूनचे अंतर आणि रुळांच्या कडेने मुंबईकडे जाणाऱ्या तारा, हा दुहेरी हिशेब असणार. याचा अर्थ असा की, बाहेरचे जग ज्या मुखातून आत येते ते मुख वेगळे, आतला व्यवहार वेगळा आणि दोहोंना सांधणारे, नोंद ठेवणारे कार्यालय तिसरे, ही आजच्या राउटरची अंतर्गत मांडणी पुणे जिल्ह्याच्या भूगोलावर त्या वर्षीच उतरली होती.

या मताला पहिला प्रतिस्पर्धी आहे तो आर्पानेट या अमेरिकी संगणक-जाळ्याचा. १९६९ साली बीबीएन या कंपनीने ‘इम्प’ नावाची पाकिटे वळवणारी यंत्रे तयार केली आणि संगणकाकडील बाजू व दूरच्या तारेकडील बाजू यांचे स्वतंत्र विनिर्देश लिहिले. म्हणून राउटरचा मूळपुरुष इम्पच, असे पाठ्यपुस्तके सांगतात. यंत्राच्या वंशावळीपुरते ते खरेही आहे. मात्र इम्पच्या दोन्ही बाजूंना एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या संस्था होत्या, त्यामुळे तिथे दोन टोके होती, आत आणि बाहेर नव्हते. बाहेरच्याविषयीचा संशय जाळ्यांत सर्वत्र शिरला तो नोव्हेंबर १९८८ मध्ये संगणकांतून आपोआप पसरलेल्या मॉरिस वर्म या प्रोग्रामनंतर.

दुसरा प्रतिस्पर्धी खुद्द दौंडचाच आहे. मनमाडकडे जाणारा फाटा आणि बारामतीची जुनी नॅरोगेज यांमुळे दौंड हे जंक्शन झाले, आणि ब्रॉडगेजच्या वाघिणीतला माल उतरवून नॅरोगेजच्या वाघिणीत भरण्याचे काम हेच गेटवेचे, म्हणजे एका जाळ्यातून दुसऱ्यात नेणाऱ्या दाराचे, खरे पूर्वरूप, असे म्हणण्याचा मोह होतो. पाकिटाला नवे वेष्टन चढवण्याच्या क्रियेला हे चित्र चपखल बसते: घरगुती फायबर जोडणीत वापरली जाणारी पीपीपीओई ही पद्धत प्रत्येक पाकिटाला आठ बाइटांचे वेष्टन घालते, आणि म्हणूनच वॅनवर पाकिटाची कमाल लांबी १५०० ऐवजी १४९२ ठेवावी लागते. तरीही जंक्शनचे काम माल पुढे पाठवण्याचे आहे, आणि कोणाचा माल घ्यायचा नाही हे फलाट ठरवत नाही. त्यामुळे हा दावा वेष्टनापुरता मान्य करून पुढे जावे लागते.

आक्षेप घेणारा येथे विचारील की दौंडने तरी काय नाकारले? ग्रहण केंद्र तर आलेले सारे झेलत होते. उत्तर कायद्यात आहे. १८८५ च्या भारतीय तार कायद्याच्या पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीच्या किंवा सुरक्षिततेच्या कारणासाठी संदेश अडवण्याचा, रोखून धरण्याचा किंवा न पाठवण्याचा अधिकार सरकारला दिला होता, आणि तो बजावण्याची स्वाभाविक जागा मुंबईचे कार्यालय हीच होती, कारण बाहेरचा संदेश देशी तारखात्याच्या हाती पडण्याची ती वेस होती. बाहेरची सेवा एका कंपनीकडे आणि देशांतर्गत तारा टपाल-तार खात्याकडे, या मालकीच्या भेदानेच आत आणि बाहेर हे शब्द अर्थपूर्ण झाले. तंत्राने दोन मुखे दिली, कायद्याने नकार दिला. फायरवॉल म्हणजे या दोन्हींचा संयोग.

पुढचे टप्पे परिचित आहेत: १९४७ साली ही सेवा सरकारी ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे गेली, १९८६ साली विदेश संचार निगम स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी त्याच निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. म्हणजे दौंडच्या बीम सेवेचा वारसदारच भारताच्या इंटरनेटचा पहिला दरवान ठरला, आणि देशाची बाहेरची बाजू सांभाळणारी संस्था वेगळी असण्याची रीत तशीच राहिली.

डायल-अपच्या काळात फोनवरून जोडलेल्या संगणकाला थेट जाहीर पत्ता मिळे, त्यामुळे घरात आत-बाहेरचा प्रश्न नव्हता. इंटरनेटचे जाहीर पत्ते अपुरे पडण्याची भीती वाटू लागल्याने १९९४ मध्ये नॅट, म्हणजे आतल्या खासगी पत्त्यांचे बाहेरच्या पत्त्यात रूपांतर करण्याची पद्धत, प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास आलेल्या पिक्स या फायरवॉलमध्ये इंटरफेसना सरळ ‘आउटसाइड’ आणि ‘इनसाइड’ अशी नावे असत. पहिल्याचा विश्वासांक शून्य आणि दुसऱ्याचा शंभर धरला जाई, आणि उच्च अंकाकडून नीच अंकाकडे जाणाऱ्या पाकिटांना आपोआप मुभा मिळे, उलट दिशेला परवानगी लिहावी लागे. विश्वास अंकांत मांडण्याची ही कल्पना पिक्सची सर्वांत मोलाची देणगी आहे. आज मात्र अनेक सेवादाते वॅनलाच १०० किंवा १० ने सुरू होणारा सामाईक वा खासगी पत्ता देतात. तेव्हा राउटरची बाहेरची बाजू खरी बाहेर नसते, आणि बाहेरून कारखान्यातील कॅमेऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी लिहिलेला नियम बिनचूक असूनही चालत नाही.

बीमच्या रचनेशी आजच्या फायरवॉलचा एक विरोधही आहे आणि तो विशेष बोधक आहे. बोलणे खडकीहून आणि ऐकणे दौंडला, ही वाटांची विषमता तिथे हेतुपुरस्सर होती. फायरवॉल मात्र प्रत्येक संवादाची नोंद ठेवते आणि त्या नोंदीशी जुळणारे उत्तरच आत घेते. म्हणून दोन जोडण्या असलेल्या कारखान्यात प्रश्न एका वॅनने आला आणि उत्तर दुसऱ्या वॅनने गेले, तर संवाद तुटतो. उपाय असा की आलेल्या वाटेनेच उत्तर जाईल अशी प्रत्येक वॅनची स्वतंत्र गेटवे नोंदवावी, आणि जोडणी जिवंत आहे की नाही हे तपासण्यासाठी सेवादात्याच्या जवळच्या उपकरणाऐवजी त्यापलीकडचा एखादा पत्ता निवडावा, कारण शिरूरपर्यंतची तार शाबूत असताना पुढची तुटलेली असली, तर जवळचे उपकरण उत्तर देतच राहते आणि राउटर दुसऱ्या जोडणीकडे वळत नाही.