कळंब परगण्याची वस्ती : कोण आले, केव्हा आले, कशासाठी आले

सोसायटीच्या स्मरणिकेसाठी काही इतिहासपर लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा बगदाद, कॉर्डोबा किंवा दिल्ली यांपैकी एखादा विषय घ्यावा असे प्रथम मनात आले. असे लेख आपल्या स्मरणिकांतून नेहमी येतात, आणि ते यावेतही. पण त्याच आठवड्यात आठवीतल्या एका विद्यार्थ्याने मला वर्ग सुटल्यावर गाठले व विचारले, "सर, आपले लोक इथले की बाहेरून आलेले?" मैदानावरच्या भांडणात त्याला कोणी तरी तसे बोलले होते. मी त्याला तेवढ्यापुरते काही तरी सांगून वाटेला लावले. उत्तर नीट दिले गेले नाही ही रुखरुख राहिली. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर होय. त्यासाठी बगदादपर्यंत जाण्याचे कारण नाही. यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याने निघाले की लवकरच लागणारे कळंब पुरेसे आहे.

आज कळंब म्हटले म्हणजे लोकांना आठवते ते जमिनीच्या पातळीखाली असलेले चिंतामणी गणेशाचे देऊळ. यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांपैकी कळंब हा एक तालुका, एवढीच त्याची सरकारी ओळख. परंतु सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अकबराच्या काळी, कळंब हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा मुलूख, आणि त्याखाली परगणे अथवा महाल. १५९६ साली अहमदनगरच्या चांदबिबीला तह करून वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. त्यानंतर अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या मुलखाची नोंद केली. कळंब हे जुने व महत्त्वाचे शहर असल्याचे तो सांगतो आणि लगेच तेथील म्हशी नावाजलेल्या आहेत असे नमूद करतो. सम्राटाच्या दरबारातल्या एवढ्या मोठ्या विद्वानाने आपल्या कळंबच्या म्हशींची दखल घ्यावी, हे वाचून मला तरी आनंद झाला. कळंबच्या शेजारी बाबजी नावाचा गोंड जमीनदार आहे, त्याला चांद्याचा म्हणतात, आणि त्याच्या पदरी घोडेस्वार व मोठे पायदळ आहे, हेही त्याच ठिकाणी लिहिले आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या एका उताऱ्यात मोगल ठाणे आणि गोंड राजा शेजारी-शेजारी नांदतात.

खुद्द यवतमाळ हे नाव घ्या. आईनच्या यादीत ते 'येवत-लोहारा' असे जोडनावाने येते. येवत आणि जवळचे लोहारा मिळून तो परगणा होता. पुढे येवतला महाल हा शब्द चिकटला व झिजून 'मळ' झाला. गावाचे मूळ नाव इथले आणि शेपूट अरबीतून आलेले. आपल्या जिल्ह्याच्या नावातच ही सरमिसळ आहे, आणि आपण रोज ते नाव उच्चारतो.

आता वस्तीकडे वळू. या मुलखात सर्वांत जुने कोण, असे विचारले तर बोट कोलाम आणि गोंड यांच्याकडे दाखवावे लागेल. कोलामांची वस्ती म्हणजे पोड. ती मुख्य गावापासून थोडी दूर, रानाच्या कडेला असते. कोलामी व गोंडी या दोन्ही भाषा द्राविडी कुळातल्या, पण परस्परांहून इतक्या वेगळ्या की एक जाणणाऱ्याला दुसरी आपोआप समजत नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ भरली. तीत दर शंभरात सुमारे अठरा माणसे अनुसूचित जमातींची होती. कोलामी बोलणारे साऱ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या थोडे वर. म्हणजे आपल्या शाळेच्या वाटेवर जी भाषा कानावर पडते ती जगातल्या थोड्या लोकांची आहे, याचा आपल्या मुलांना पत्ताही नसतो.

त्यानंतर नांगराबरोबर आलेली शेतकरी गावे. जुन्या माणसांच्या तोंडी 'पांढरी' आणि 'काळी' असे दोन शब्द असत. पांढरी म्हणजे गावठाण, काळी म्हणजे कसदार शेतजमीन. पांढरीवर कुणबी, माळी, तेली, सुतार, लोहार, कुंभार, महार, मांग अशी सारी घरे, आणि प्रत्येकाचा काळीच्या पिकात ठरलेला वाटा. या व्यवस्थेत अन्याय होता, फार होता. कोणाच्या वाट्याला मान आणि कोणाच्या वाट्याला अपमान हे जन्मानेच ठरे. तेव्हा तिचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. पण गाव चालवण्यासाठी कोणाकोणाची गरज होती याची यादी तीत मिळते, आणि त्या यादीत मुलाणी आहे. बकरे हलाल करणे हे त्याचे काम, आणि त्याबद्दल खळ्यावर धान्याचा वाटा हा त्याचा हक्क. परगण्याच्या ठिकाणी काझी, आणि त्या कामासाठी इनाम जमीन. हे लोक गावावर लादलेले पाहुणे नव्हते. खळ्यावर त्यांची टोपली ठरलेली होती.

आपल्या समाजात सर्वसाधारण समज असा की आपण सारे एकदाच, एका लष्कराबरोबर, कोठून तरी लांबून आलो. टोमणा मारणाराही तेच समजतो आणि ज्याला टोमणा मारला तोही तेच समजतो, ही यातली गंमत. वस्तुस्थिती तशी नाही. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क १४९० मध्ये स्वतंत्र झाला. तो स्वतः विजयनगरच्या मुलखातल्या हिंदू कुटुंबात जन्मलेला, लहानपणी कैदी होऊन आलेला, असे जुने इतिहासकार सांगतात. राज्य स्थापन करणाऱ्याची ही कथा, मग सामान्यांचे काय सांगावे! काही घराणी शिपाईगिरी करत आली. काही काझी, मुल्ला म्हणून नेमली गेली. पिंजारी, मन्यार, आतार, बागवान, मोमीन यांच्यापैकी कित्येकांचे पूर्वज याच मातीत तोच धंदा करत होते. धर्म बदलला, पिंजण तेच राहिले. निजामाच्या अमलात अरब व रोहिले शिपाई वऱ्हाडच्या ठाण्यांतून आले, त्यांतले काही येथेच राहिले. आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस बंद झाला, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले, १८६७ साली नागपूरपर्यंत आगगाडी पोचली. तेव्हा कच्छी मेमन आणि बोहरी व्यापारी वऱ्हाडच्या बाजारपेठांतून दिसू लागले. त्याच कापसामागे मारवाडी सावकारही आले. त्यांना मात्र बाहेरचे कोणी म्हणत नाही. असो.

हाच काळ बंजाऱ्यांच्या दृष्टीने उलटा ठरला. शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून त्यांचे तांडे साऱ्या दख्खनेत फिरत. मोगल फौजांना रसद तेच पुरवीत. पक्के रस्ते आणि आगगाडी आली, बैलाच्या पाठीवरचा व्यापार संपला, आणि तांड्यांना एका जागी बसावे लागले. ज्या आगगाडीने कापूसवाल्यांची भरभराट केली तिनेच यांचा धंदा बुडवला. इंग्रजांच्या राज्यात त्यांच्यापैकी कित्येकांवर गुन्हेगार जमातीचा शिक्काही बसला. आज पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव या भागांत गावोगाव तांडे आहेत. पुसद तालुक्यातील गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हे आपण सर्व जाणतोच. दक्षिणेकडे पाटणबोरीच्या बाजूला गेलात तर तेलुगू कानावर पडते. पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा, आणि नदीने भाषा कधी अडवली नाही.

तेव्हा कोण आले, या प्रश्नाचे उत्तर 'सगळेच' असे आहे. फरक केवळ केव्हा आणि कशासाठी एवढाच.

अशी वस्ती फक्त आपल्याकडेच आहे असे नव्हे. दूर युरोपात पोलंड नावाचा देश आहे. तेथे आपल्या जुन्या परगण्याप्रमाणे पाच-पन्नास खेडी मिळून एक ग्रामीण विभाग करतात, त्याला 'ग्मिना' म्हणतात. त्या देशाच्या ईशान्य टोकाला क्रिन्की आणि सोकूल्का असे दोन ग्मिना असून त्यांत अनुक्रमे क्रुशिन्यानी आणि बोहोनिकी ही खेडी आहेत. दोन्ही खेड्यांत लाकडी मशिदी आहेत. १६७९ साली राजा यान सोबिएस्की याच्याकडे तातार शिपायांचा पगार थकला होता. खजिन्यात पैसा नव्हता, म्हणून त्याने त्यांना येथे जमिनी दिल्या. आपल्याकडे इनाम सनद देत तसाच हा प्रकार. शेजारी कॅथलिक पोलिश, ऑर्थोडॉक्स पंथाचे बेलारूशी, आणि क्रिन्कीच्या बाजारात कातडी कमावणारे ज्यू. तातार आपली मूळ भाषा हळूहळू विसरले, गावची भाषा बोलू लागले. पण धर्माची पुस्तके त्यांनी त्याच गावच्या भाषेत, अरबी अक्षरांत लिहून ठेवली. त्यांना 'किताब' असेच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी क्रिन्कीचे ज्यू नाहीसे केले. तीनशे वर्षांहून अधिक काळ टिकलेले तातार मात्र आज संख्येने थोडे असले तरी तेथे आहेत, आणि त्या किताबांच्या हस्तलिखितांवर आता विद्यापीठांतून अभ्यास होतो.

मला या हकिकतीत ती अरबी अक्षरांतली गावची भाषा विशेष वाटते, कारण आपल्याकडे नेमका उलटा प्रकार झाला. आपल्याकडे गावच्या अक्षरांत अरबी-फारसी शब्द शिरले. आईनमध्येच अबुल फजल सांगतो की उत्तरेकडच्या चौधरीला वऱ्हाडात देशमुख म्हणतात, कानुनगोला देशपांड्या, मुकद्दमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुळकर्णी. पदे दिल्लीची, नावे इथली. मोगलांनी ती बदलण्याचा हट्ट धरला नाही. उलट बाजूने पाहा. कुणब्याच्या घरातली आजीबाई 'खरीप' आणि 'रब्बी' म्हणते. हे अरबीतले शब्द, एकाचा अर्थ शरद, दुसऱ्याचा वसंत. मौजे, जिल्हा, तालुका, तहसील, दप्तर, वसूल, वारस, हक्क, मालक, मजूर, हंगाम, जमीन... तलाठ्याच्या कागदातून हे शब्द काढले तर ओळी रिकाम्या राहतील. शाळेत 'मातृभाषा' या रकान्यात आपण उर्दू लिहितो, ते बरोबरच आहे. पण आपल्या खेड्यातल्या घरांत शेतावर, बैलाशी, बाजारात जी वऱ्हाडी चालते तीही आपलीच. पोळ्याला बैल सजवणाऱ्या मुसलमान शेतकऱ्याला कोणी वेगळे मानल्याचे मी पाहिले नाही, आणि मोहरमच्या सवारीपुढे नवस फेडणारी हिंदू घरेही या भागात थोडी नाहीत.

राज्ये मात्र या वस्तीच्या डोक्यावरून बदलत गेली. अठराव्या शतकात एकाच गावचा वसूल निजामाचा अंमलदारही घेई आणि नागपूरकर भोसल्यांचाही. याला दुअमली म्हणत, आणि रयतेच्या दृष्टीने दुअमली म्हणजे काय ते सांगायला नकोच. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला. १८१८ च्या एप्रिलमध्ये पळता पेशवा दुसरा बाजीराव पांढरकवड्याजवळ शिवनी येथे इंग्रज फौजेकडून हरला. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६४ मध्ये या भागाचा वेगळा जिल्हा झाला. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. ही सनावळी परीक्षेला उपयोगी पडेल म्हणून दिली. वस्तीच्या इतिहासात तिचे स्थान थोडके आहे, कारण प्रत्येक बदलानंतर खळे तेच आणि टोपल्या त्याच.

पालकांशी मात्र एक बोलायचे आहे. हा सारा इतिहास सिद्ध करणारे कागद मुंबई-हैदराबादच्या दप्तरखान्यांत जितके आहेत तितकेच आपल्या घरातल्या पेट्यांत आहेत. काझीच्या, मुलाणीच्या, दर्ग्याच्या खिदमतगाराच्या घरी फारसी सनदा आणि मोडीतले हिशेब असतात. आपल्याला फारसी येत नाही, मोडी येत नाही, म्हणून ते माळ्यावर जातात. घर पाडून नवे बांधताना रद्दीत जातात. एका घरी तर अशा कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलाने गणिते सोडवलेली मी पाहिली. कागद वाचता येत नसेल तर निदान सावलीत, कोरडा, घडी न मोडता ठेवावा. जमल्यास त्याचा फोटो काढून ठेवावा. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

त्या आठवीतल्या मुलाला मी पुढे बोलावून हेच थोडक्यात सांगितले. आठ दिवसांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत आजोबांच्या पेटीतला एक कागद घेऊन आला. वर फारसी, खाली मोडी. मला दोन्ही अडखळतच येतात, तरी 'मौजे' हा शब्द लागला आणि 'सन १२५० फसली' एवढे स्पष्ट दिसले. फसली सनात पाचशे नव्वद मिळवले की इसवी सन येतो, असे मी म्हणालो. त्याने बोटांवर हिशेब करून १८४० सांगितले आणि लगेच विचारले, "मग सर, गावाचे नाव कोणते?" मौजेच्या पुढचा तुकडा वाळवीने खाल्ला होता.